टायरच्या कडेवरचे गणित

गिरगावात ऑपेरा हाउसच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. त्यांत टांगलेली चकचकीत मॅगव्हील्स शाळा-कॉलेजच्या मुलांचे लक्ष वेधून घेतात आणि मग वर्गात हमखास एक प्रश्न येतो : चौदा इंचांचे चाक काढून पंधराचे किंवा सोळाचे बसवले, तर बिघडले कोठे? प्रश्न शोभेचा वाटतो. पण ब्रेक दाबल्यावर गाडी कोठे थांबेल, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. उत्तर शोधायला मोटारशास्त्र शिकावे लागत नाही. टक्केवारी, वर्तुळाचा परीघ आणि दाबाची व्याख्या एवढे पुरते.

आकड्यांची भाषा

आपल्याकडे स्विफ्ट आणि डिझायर या गाड्यांच्या साध्या प्रकारांत १६५/८० आर १४ या मापाचे टायर येतात. यातील १६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ८० ही टक्केवारी आहे : टायरच्या कडेची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबरी भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. आतील धागे त्रिज्येच्या दिशेने घातलेला हा प्रकार मिशलिन कंपनीने १९४६ साली पेटंट केला. शेवटचे १४ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्केवारी आणि इंच असे तिन्ही आल्यामुळेच अनेकांची गफलत होते.

आता बाहेरचा व्यास काढू. कडेची उंची १६५ × ०.८० = १३२ मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणजे २६४ मिमी. रिमचा व्यास १४ × २५.४ = ३५५.६ मिमी. बेरीज ६१९.६ मिमी.

व्यास का जपायचा?

गाडीचा वेगदर्शक रस्ता मोजत नाही, तो फेऱ्या मोजतो. एका फेरीत अमुक इतके अंतर कापले जाते, हे गृहीत धरून त्याची आखणी झालेली असते. समजा, कोणी कडेची टक्केवारी न बदलता केवळ रिम मोठी केली आणि १६५/८० आर १५ टायर घातला. व्यास होईल ६४५ मिमी, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ताशी ६२.५ किलोमीटरने धावत असेल. शिवाय मोठे चाक वळताना आतील पत्र्याला घासण्याची भीती असतेच.

म्हणून रिम वाढली की कडेची उंची घटवायची आणि बेरीज कायम राखायची, हा मूळ नियम. काही मापे ताडून पाहू :

१६५/८० आर १४ : कड १३२ मिमी, व्यास ६१९.६ मिमी
१८५/६५ आर १५ : कड १२० मिमी, व्यास ६२१.५ मिमी
१९५/५५ आर १६ : कड १०७ मिमी, व्यास ६२०.९ मिमी
२०५/४५ आर १७ : कड ९२ मिमी, व्यास ६१६.३ मिमी

चारही व्यासांत एक टक्क्याहूनही कमी फरक आहे. यातील दुसरे माप कंपनी याच गाड्यांच्या वरच्या प्रकारांना देते. हे योगायोगाने जुळलेले नाही, गणिताने जुळवलेले आहे.

व्यास जुळला, पुढे काय?

मापानंतर टायरवर आणखी एक आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ ८५ टी. ८५ हा भार-निर्देशांक. तो ५१५ किलोग्रॅमची क्षमता सांगतो. 'टी' म्हणजे ताशी १९० किमी वेगापर्यंतची मर्यादा. नव्या टायरचे हे दोन्ही गुण मूळच्यापेक्षा कमी असता कामा नयेत. वरच्या यादीतील सतरा इंची माप व्यासाच्या कसोटीला उतरते, पण साध्या बांधणीत त्याचा भार-निर्देशांक ८४, म्हणजे ५०० किलो असतो. तो येथे नापास होतो. जादा भाराचा 'एक्सएल' टायर घ्यावा लागतो आणि त्यात हवाही जास्त ठेवावी लागते.

रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी. १८५/६५ आर १५ साठी ५ ते ६.५ इंच, तर २०५/४५ आर १७ साठी ६.५ ते ७.५ इंच रुंद रिम लागते. नटांची संख्या, ज्या वर्तुळावर ते बसतात त्याचा व्यास, मधल्या भोकाचे माप आणि रिम किती आत-बाहेर बसते तो 'ऑफसेट', हे सर्व मूळ चाकाशी ताडून घ्यावे. गाडीत मनाजोगे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातली आहे, याचेही भान ठेवावे. सर्वांत निर्धोक वाट म्हणजे त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप निवडणे.

रुंद टायरची पकड

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, ही समजूत फार पक्की आहे. ती दाबाच्या व्याख्येवर घासून पाहू. माणसांसह गाडीचे वजन १२०० किलो आणि ते चारही चाकांवर सारखे वाटले गेले असे धरू. प्रत्येक चाकावर ३०० किलो येतील. हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलो. ३०० भागिले २.२५ = १३३ चौरस सेंटिमीटर. एका चाकाचा रस्त्याशी संपर्क साधारण हाताच्या पंजाएवढा! या गणितात टायरची रुंदी कोठेच आली नाही. रुंद टायरमुळे ठशाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, आकार बदलतो. तो आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो.

रुंद आणि ठेंगण्या टायरचा फायदा नाहीच असे नाही. त्याची कड कमी वाकते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी चटकन प्रतिसाद देते. पण तीच ठेंगणी कड खड्ड्यात धक्का कमी पचवते. मग टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते. पकड मुख्यतः ठरते ती रबराच्या मिश्रणावर आणि खाचांच्या रचनेवर.

पावसातील कसोटी

पावसात टायरला आपल्यापुढचे पाणी बाजूला सारावे लागते. ठसा जितका रुंद, तितके ते काम अवघड. वेग वाढला की एका क्षणी टायर पाण्यावरच तरंगू लागतो. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी एक सूत्र दिले : हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मोटारीला ते ढोबळमानानेच लागू पडते. पण त्यानुसार ३२ पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किमी येतो आणि हवा २४ पौंडांवर उतरली तर ८२ किमी. गिरगाव चौपाटीजवळून बोगद्यात शिरणाऱ्या आणि २०२४ साली खुल्या झालेल्या किनारी रस्त्यावर सरळ भागातील वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे. हवा तपासण्याचा कंटाळा किती महाग पडू शकतो, हे यावरून दिसेल.

वरील सूत्र खाचांच्या खोलीपेक्षा पाणी जास्त असेल तेव्हाचे किंवा गोटा झालेल्या टायरचे आहे. आपल्याकडे मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिमी खोल खाच असणे नियमाने आवश्यक आहे. पावसाळ्यापूर्वी ती त्याहून पुष्कळ जास्त असलेली बरी.

मोजक्या पैशांत

आमच्या मते, पैसे मोजके असतील तर ते इंचांवर न घालवता रबरावर घालवावेत. सतरा इंची रिमवर हलका टायर चढवण्यापेक्षा पंधरा इंचीवर ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी नावाजलेला टायर घेणे केव्हाही शहाणपणाचे. घेताना कडेवरील तारीख वाचावी : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एका मापाचे आणि एकाच नमुन्याचे असावेत. दोनच घेणे परवडत असेल, तर नवी जोडी मागे लावावी. पुढची चाके घसरली तर गाडी सावरता येण्याची शक्यता असते, मागची सुटली की ती गरकन फिरते.

वर्गात करून पाहा

सायकलच्या मागच्या टायरला शिक्क्याची शाई लावा, खाली आलेख-कागद ठेवा आणि एका विद्यार्थ्याला बसवा. इतरांनी सायकल फक्त तोलून धरावी. ठशातील चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा आणि त्याला हवेच्या दाबाने गुणा. मग त्याच चाकाखाली वजनकाटा ठेवून आणि पुढचे चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर घेऊन भार मोजा. दोन उत्तरे जवळपास येतील, पण तंतोतंत जुळणार नाहीत. हवा कमी करून प्रयोग पुन्हा करा. फरक का उरतो, टायरच्या भिंतीचा ताठपणा त्यात किती भाग घेतो, याची चर्चा मुलांनाच करू द्या.