रद्दीच्या भावातला वेताळ

छापील कागदाची प्रतवारी करणं हे माझं जवळजवळ पस्तीस वर्षांचं पोट भरण्याचं साधन होतं, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही. बँकेतल्या कॅश खात्यात बसलेल्या माणसाला नोट दिसते ती आधी कागद म्हणून. चालण्याजोगी, मळकी, फाटकी. फाटक्या नोटेचे तर मोजमापाचे नियम आहेत : पन्नास रुपयांच्या किंवा त्यावरच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून मोठा अखंड तुकडा हाती असेल तर पूर्ण किंमत, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. समोरचा माणूस कितीही रडवेला होवो, पट्टी लावायची आणि आकडा सांगायचा. त्यामुळे निवृत्तीनंतर जेव्हा मला कळलं की जगात कॉमिक्सचीही अशीच प्रतवारी होते, त्याची दहा गुणांची पट्टी आहे आणि अर्ध्या गुणाने लाखांचा फरक पडतो, तेव्हा हसू येण्याऐवजी मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

ही पट्टी अमेरिकेतली. तिथे रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये कॉमिक्सच्या किमतींचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि पोराटोरांच्या छंदाचा बाजार झाला. २००० पासून फ्लोरिडातली एक कंपनी फी घेऊन अंक तपासते, गुण देते आणि कठीण, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत तो कायमचा बंद करून परत पाठवते. गंमत या पट्टीवरच्या शब्दांत आहे. ‘गुड’ हा शेरा मिळाला तर आपण खूश होऊ. पण तो दहापैकी दोन गुणांचा! ‘व्हेरी गुड’ म्हणजे चार, ‘फाइन’ म्हणजे सहा. आपल्या गोपनीय अहवालांत साहेब लोक ‘गुड’ लिहून बढती कशी अडवत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा अवतरला त्या जून १९३८ च्या, दहा सेंट किमतीच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची नऊ गुणांची प्रत २०१४ मध्ये बत्तीस लाख डॉलरना गेली. एक अट मात्र आहे. पेटी फोडली की गुण रद्द. म्हणजे ज्याने एवढे पैसे मोजले, त्यालाच तो अंक वाचता येत नाही. लॉकरमधल्या दागिन्यासारखंच झालं म्हणायचं. लग्नाकार्यातसुद्धा घालायचा नाही.

आपल्याकडे हा प्रकार यायला वेळ लागला, कारण आपल्याकडे कॉमिक ही वस्तू नव्हती, खाऊ होता. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, तेही इंग्रजी आणि हिंदीबरोबर थेट मराठीतूनच. पहिले बत्तीस अंक सगळे ली फॉकच्या फँटमचे, म्हणजे आपल्या वेताळाचे. पुढे जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा अस्सल देशी बहादूर. वेताळाच्या मूळ बंगाला देशाचं आपल्या अंकांत ‘डेंकाली’ झालं, बंगालशी घोटाळा नको म्हणून. मुखपृष्ठांवरचे गोविंद यांनी रंगवलेले ते घोडा, लांडगा आणि कवटीची गुहा ज्यांनी मिरज स्टेशनावरच्या स्टॉलवर दोरीला लटकलेले पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. मी पाहिलेत. विकत घ्यायची ऐपत नव्हती. गल्लीतल्या किराणा दुकानदाराने बाजूला एक फळी टाकून वाचनालय काढलं होतं, तिथे बसून वाचायचे पाच पैसे, घरी न्यायचे दहा.

मराठी अंक आज इतके दुर्मीळ का, याचं उत्तर त्या फळीत आहे. इंग्रजी अंक घेणाऱ्या घरांत कपाट असायचं. मराठी अंक हातोहात फिरायचा. एका अंकावर चाळीस पोरांची बोटं, चिवड्याचं तेल, वाचनालयाचा जांभळा शिक्का, कुणीतरी वेताळाला काढलेल्या मिशा. मलपृष्ठावरचं वेताळाचं चित्र कातरून भिंतीवर. आणि परीक्षा झाली की उरलासुरला अंक वर्तमानपत्रांबरोबर तागडीत. रद्दीवाल्याला वेताळ काय आणि संपादकीय काय, किलोचा भाव एकच. अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धात रद्दी जमवण्याच्या मोहिमा निघाल्या आणि त्या वर्षांतली असंख्य कॉमिक्स लगद्यात गेली. म्हणून तर उरलेल्यांना भाव आला. आपल्याकडे महायुद्धाची गरज पडली नाही. मे महिना पुरला.

‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडलं तेव्हा सुमारे आठशे अंक झाले होते. संग्राहकांत एक गमतीदार गोष्ट सांगतात. क्रमांक १२३ आणि १२४ कुणाकडेच नाहीत. नवखा माणूस वर्षानुवर्षं ते शोधतो, आप्पा बळवंत चौक पालथा घालतो, माटुंग्याच्या फुटपाथवर वाकून वाकून कंबर मोडून घेतो. छापखान्यातल्या संपामुळे ते दोन अंक निघालेच नव्हते! बँकेत असताना ताळेबंदातले दोन रुपये शोधण्यात मी रात्रीचे अकरा वाजवलेले आहेत, त्यामुळे या शोधाची वेदना मला कळते.

आता अंक तपासायचा कसा, ते सांगतो. आधी पाठ पाहायची. पाठीवर घडीच्या बारीक पांढऱ्या रेषा किती, त्यावरून तो किती वेळा पूर्ण उलगडला ते कळतं. मग पिना. मूळच्या आहेत का, गंजल्या आहेत का, की नव्या मारल्या आहेत. मग मधलं जोडपान जागेवर आहे ना ते पाहून पानं मोजायची. मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम नोटांना आहे तसाच इथेही. पानांचा रंग पाहायचा : पांढरा, सायीसारखा, चहासारखा, आणि शेवटी तो तपकिरी, ज्याचा कोपरा दुमडला की पापडासारखा तुटतो. एका अंकाचं कव्हर दुसऱ्याला चढवून ‘अखंड’ म्हणून विकणारे असतात, कव्हराची रंगीत झेरॉक्स लावणारेही असतात. अंक नाकाजवळही न्यावा. ओल डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते.

साठवण हा याहून अवघड विषय, कारण इथे अमेरिकेची विद्या जशीच्या तशी चालत नाही. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ एडगर चर्च नावाच्या जाहिरात-चित्रकाराच्या घरात १९७७ मध्ये हजारो जुनी कॉमिक्स सापडली. चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याने ती घेतली. चाळीस वर्षांपूर्वीचे अंक, पानं पांढरीशुभ्र! त्यात चर्चबुवांची शिस्त होती, घट्ट रचलेल्या उंच थप्प्या होत्या, पण खरं श्रेय समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावरच्या त्या थंड, कोरड्या हवेचं. ते अंक रत्नागिरीत असते तर? मी तिथे तीन वर्षं काढली आहेत. जुलैमध्ये लेजरच्या पुठ्ठ्यावर बुरशीची लव यायची. नंतर बदली नागपूरला झाली. तिथे ओल नाही, पण मे महिन्यातली उष्णता कागदाला भाजून काढते. कॉमिकचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा, त्यात लिग्निन असतं, शिवाय कागद बनवतानाचं आम्ल. उजेड, उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो आपला आपणच जळत राहतो, ज्वाळा न दिसता.

म्हणून आपल्याकडचे काही ठोकताळे. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अंक घालून तोंड चिकटवू नये. आतली ओल आतच राहते आणि पावसाळ्यात अंकाला घाम फुटतो. पीव्हीसीची, त्या विशिष्ट वासाची पाकिटं तर नकोच. पॉलिएस्टरचं पाकीट आणि मागे आम्लरहित पुठ्ठा हे उत्तम, पण महाग. ते न जमल्यास आम्लरहित कागदात गुंडाळलेलं बरं. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवावा. कसर लागू नये म्हणून आमच्या आज्या पोथ्यांत वेखंड ठेवत, ते पुरचुंडीत बांधून आजही चालतं. डांबरगोळ्या मात्र प्लॅस्टिकशी वैर धरतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्याला तर शिक्षा असावी. तो चिकटपणा काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात झिरपतो, पट्टी गळून पडते आणि डाग उरतो. पिनांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेनेसुद्धा १९९९ मध्ये स्वच्छ नोटांचं धोरण आणलं आणि गड्ड्यांना पिना मारण्याऐवजी कागदी पट्टी आली. कॉमिकला ती सोय नाही, पिना त्याच्या जन्माच्या. ओल आवरणं एवढंच आपल्या हाती. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी होऊ लागली की अंक बाहेर काढून सावलीत वारं द्यावं. पाटीपूजनाच्या निमित्ताने लक्षात राहतं. हळदकुंकू मात्र पाटीलाच वाहावं.

हे सगळं मी शिकलो ते सांगलीच्या माझ्या एका मित्राकडून. शाळामास्तर होता. तीन मे महिन्यांत एका दुकानात पुड्या बांधून त्याने लहानपणी मराठी ‘इंद्रजाल’ जमवायला सुरुवात केली, ती पन्नाशीपर्यंत. त्याच्या संग्रहाचे दोन भाग होते. चांगले, कोऱ्यासारखे अंक पाकिटांत घालून खालच्या लोखंडी कपाटात. आणि लहानपणचे वाचून वाचून खिळखिळे झालेले अंक वडिलांनी बाइंडरकडून दहा-दहाचे कापडी खंड करून घेतलेले, ते माळ्यावर. बाइंडरने रीतसर तीन बाजू कापलेल्या, पिना काढून टाकलेल्या, दोऱ्याने शिवलेलं. अमेरिकन पट्टीवर त्यांना एक गुणही मिळाला नसता. मित्र स्वतःच त्यांना ‘आमचे पेन्शनर’ म्हणायचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या त्याच्या घरात ते माळ्याच्या हातभर खाली येऊन थांबलं. पाच दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा आतल्या गुळगुळीत कव्हरांची एकच वीट झाली होती. भिजलेला कागद लगेच फ्रीझरमध्ये गोठवला तर बुरशी थांबते आणि पानं सोडवायला सवड मिळते. पण ज्या गावात आठवडाभर वीज नव्हती, तिथे फ्रीझर कुठला? नऊ गुणांचे अंक गेले. पेन्शनर राहिले.

मित्र गेल्या वर्षी वारला. त्याची मुलगी पुण्यात असते. तिचा फोन आला, ‘काका, तुम्ही बँकेतले, तुम्हीच किंमत सांगा. एक गृहस्थ एकवीस खंडांचे बरे पैसे देतायत. पण ते शिवण उसवून सुटे अंक विकणार म्हणतात.’ ते गृहस्थ लबाड नव्हेत. सुट्या अंकाला गिऱ्हाईक असतं, खंडाला नसतं. आणि तिच्या डोक्यावर वडिलांच्या आजारपणाचं कर्ज आहे, ते हप्त्यांसकट मला ठाऊक आहे. कर्जदाराला भावना सांगणं मला कधीच जमलं नाही. तरी माझं मत मी तिला दिलं. कापलेल्या कडांचा, शिवणीची भोकं पडलेला अंक सुटा झाला की तो पट्टीवर फक्त एक रोगट अंक असतो. खंडात तो एका घराने कोणत्या क्रमाने काय वाचलं याचा दाखला असतो. वाचनालयाचा शिक्का अमेरिकेत गुण कमी करतो. मी तो वाढवीन, कारण मराठी अंक कोणत्या गावात, कोणत्या फळीवर पोचला होता, हे सांगणारं दुसरं काहीच नाही. कायद्याने १९५६ पासून नियतकालिकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पोचवायच्या असतात. पण पोरांच्या हातातून गेलेली प्रत कोणतं ग्रंथालय ठेवणार?

तोडगा म्हणून तूर्त मी तिला निम्मी रक्कम दिली आहे, व्यवहार म्हणून, पावती घेऊन. खंड माझ्याकडे आहेत, झोपण्याच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात. दोनशे आठ अंक. दहाच्या हिशेबाने दोनशे दहा हवेत, पण बाइंडरला कोण विचारणार. एखादी संस्था सबंध संच घेते का, ते मी दिवाळीपर्यंत पाहतो आहे. नाही जमलं तर मुलीने उसवून विकायला हरकत नाही, असं मी तिला लिहून दिलं आहे. फक्त सातवा खंड सोडून. तो ती कुणालाच देणार नाही म्हणते.

त्या खंडातल्या तिसऱ्या अंकाचं कव्हर नाही, म्हणून कथेचं नावही नाही, आणि शेवटची दोन पानंही नाहीत. कवटीच्या अंगठीचा ठसा एका चाच्याच्या हनुवटीवर उमटतो, तिथे चित्रं संपतात. पुढे वहीचं एकेरी पान शिवलेलं आहे. त्यावर निळ्या शाईत, मास्तराच्या दहाव्या वर्षीच्या अक्षरात, त्याने स्वतः रचलेला शेवट आहे. त्यात वेताळ सांगलीला येतो. खरा शेवट काय होता, हे मात्र तिला वाचायचं आहे. वाचकांपैकी कुणाकडे असा अंक असेल तर तो विकत नको, उसना नको. शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स पुरे. ती काढताना पाठ जास्त दाबू नये.