टेबलावरची पानं किती धोक्याची?

तीन पत्तीत सगळ्यांची पानं झाकलेली असतात. पोकरच्या टेक्सस होल्डेम प्रकारात मात्र हातात दोनच पानं, आणि टेबलावर सगळ्यांच्या मालकीची पाच. त्यातली पहिली तीन एकदम उघडतात, तो फ्लॉप. मग एकेक करून दोन. जे पान तुमच्या कामाचं, ते समोरच्याच्याही कामाचं असू शकतं.

समजा, तुमच्याकडे बदाम आणि चौकटचे एक्के आहेत. फ्लॉपला आलं: इस्पिकचा राजा, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री. तीन पानं, तीन रंग. सिक्वेन्स लागावा इतकी जवळ एकही दोन पानं नाहीत. एक्क्यांच्या पुढे जायला समोर दोन जोड्या किंवा तीन सारखी पानं हवीत. टेबल शांत आहे.

आता हेच एक्के, पण फ्लॉप असा: इस्पिकचा गुलाम, इस्पिकची दश्शी, बदामची नव्वी. राजा-राणी, राणी-अठ्ठी किंवा अठ्ठी-सत्ती असलेल्याचा सिक्वेन्स आत्ताच झालाय. आणि ज्याच्याकडे इस्पिकची राणी आणि दुर्री आहे, त्याला काय हवंय ते मोजा. कलरसाठी उरलेली ९ इस्पिकं. सिक्वेन्ससाठी राजे आणि अठ्ठ्या. त्यातली दोन इस्पिकं मोजून झाली, उरली ६. एकूण १५ पानं. पुढच्या दोन पानांत त्यातलं एखादं येण्याची शक्यता ५४ टक्के! नुसत्या कलरची वाट पाहणाऱ्यालाही ३५ टक्के संधी असते.

म्हणून फ्लॉप उघडला की तीन प्रश्न. एका रंगाची किती पानं? शंभरातल्या साधारण ५५ फ्लॉपमध्ये दोन असतात. पानं किती लागून आहेत? टेबलावर जोडी आहे का? असेल, तर तुमचा कलरही फुल हाउसपुढे पडू शकतो. खेळाडू जितके जास्त, तितका धोका मोठा. पुढचं पान आलं की पुन्हा तेच प्रश्न.

तांबरमहून बोलताना कायद्याचं सांगायलाच हवं. तमिळनाडूच्या कायद्याने रमी आणि पोकरला नशिबाचे खेळ ठरवलं होतं. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी मद्रास उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला यांच्या खंडपीठाने कायदा कायम ठेवला, पण हे दोन खेळ कौशल्याचे मानून त्या यादीतून काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे.

आपण आत्ता मोजलं, ते कौशल्य. पण त्या ५४ टक्क्यांत बरोबर मोजणाराही हरतो. तेव्हा पैसे बाजूला ठेवा, घरातला कॅट घ्या, तीन पानं उघडा आणि मोजायला लागा.