मुक्या रुग्णाची परीक्षा : कुत्रा-मांजरांतील गंभीर व्याधी आणि आपले कर्तव्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सायंकाळी चिकित्सालय बंद करण्याच्या वेळी शेजारचे एक गृहस्थ घाईने आले. "वैद्यसाहेब, आमच्या बोक्याला दोन दिवस शौचाला झाले नाही. सारखा कुंथतो आहे. काहीतरी सौम्य द्या," असे ते म्हणाले. मलावष्टंभ समजून मी अल्प मात्रेत एरंडेल दिले. दुसऱ्या दिवशी बोका दगावला. पुढे एका पशुवैद्यांशी बोलताना उलगडा झाला, की तो मलावरोध नव्हता, मूत्रावरोध होता. "लघवी होते का?" हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. त्या गृहस्थांनी मला दोष दिला नाही. मीच तो स्वतःला दिला, आणि म्हणूनच हा लेख.

'आयुर्वेदीय म्हणजे निरुपद्रवी' या समजुतीने प्राणी पाळणारे लोक प्रथम आपल्या औषधालयाची पायरी चढतात. पशुचिकित्सेचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे. तथापि पहिली विचारणा आपल्याकडे होत असल्याने रुग्ण वेळेत योग्य ठिकाणी पोहोचवणे हे आपले कर्तव्य ठरते.

शास्त्राची दृष्टी

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, अकराव्या अध्यायात, हत्ती, उंट, गाय, घोडा, शेळी-मेंढी यांच्या बस्तींचा विचार आहे. त्यात प्राणिपरत्वे द्रव्ये निरनिराळी सांगितली आहेत. मांजर म्हणजे लहान आकाराचा मनुष्य नव्हे. केवळ मात्रा कमी केली म्हणजे औषध त्याला मानवेल, हे गृहीत धरणे शास्त्रसंमत नाही.

त्रिविध परीक्षा

दर्शन : ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी व ओलसर असाव्यात. पांढुरक्या हिरड्या रक्तक्षय वा आघात सुचवतात, पिवळ्या कामला आणि निळसर श्वासावरोध. हिरडीवर बोट दाबून सोडल्यास रंग दोन सेकंदांच्या आत परतला पाहिजे. झोपेतील श्वसन मिनिटास ३० पेक्षा अधिक असणे चिंताजनक. तोंड उघडे टाकून धापा टाकणारे मांजर हा तर आणीबाणीचाच प्रसंग समजावा. कुत्रा मात्र उन्हातून आल्यावर स्वभावतःच धापा टाकतो, हा भेद ध्यानात ठेवावा.

स्पर्शन : कुत्रा-मांजरांचे स्वाभाविक तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे हाताला गरम लागले म्हणजे ज्वर, असे नाही. उलट आजारी पिलाचे तापमान ९९ च्या खाली उतरले, तर ते अधिक अशुभ लक्षण होय. नाक कोरडे की ओले, यावरून काहीच निश्चित ठरत नाही. नाडी मांडीच्या आतील बाजूस मिळते.

प्रश्न : अन्न केव्हापासून सोडले? पाणी किती पितो? लघवी शेवटची केव्हा झाली? उलटी वा शौचात रक्त आहे का? लस दिली आहे का? मादी असल्यास ऋतुकाल केव्हा झाला? आणि सर्वांत महत्त्वाचे, घरी कोणते औषध दिले?

विलंब न खपणाऱ्या अवस्था

नर मांजर वारंवार बसून कुंथत असेल, लघवी थेंबभर वा मुळीच होत नसेल, तर रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. नळी घालून मार्ग मोकळा करणे हीच चिकित्सा. मूत्रल काढा येथे घातक ठरतो. कोणत्याही मांजराने, विशेषतः स्थूल मांजराने, दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात मेद साचून गंभीर विकार होतो. मनुष्याला हितकर असणारे लंघन त्याला चालत नाही.

लस न झालेल्या पिलास उलट्या आणि दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित अतिसार होऊ लागल्यास पार्वो विषाणूची शंका घ्यावी. शिरेवाटे द्रव देणे हा तेथील मुख्य आधार आहे. स्तंभक औषधे देण्यात काळ दवडू नये.

माजानंतर साधारण एक-दोन महिन्यांत कुत्री सुस्त झाली, पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. स्राव बाहेर दिसलाच पाहिजे असे नाही. स्राव अडलेला प्रकार अधिक भयंकर असून शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट अकस्मात फुगून, काही न पडता नुसत्या ओकाऱ्या येत असतील, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तो आध्मान समजून हिंगाष्टक देऊ नये. येथे काही तासांचाच अवधी असतो.

गोचिडांनंतर ज्वर, फिकट हिरड्या वा नाकातून रक्त दिसल्यास गोचीडतापासाठी रक्ततपासणी हवी. पावसाळ्यात ज्वरासह कामला दिसल्यास लेप्टोस्पायरोसिस ध्यानी घ्यावा. त्या कुत्र्याच्या मूत्रातून घरच्या माणसांनाही बाधा होते.

आपल्याच फडताळातील धोके

गंधपुरा तेलात मिथाइल सॅलिसिलेट असते. मांजराच्या यकृताची अशी द्रव्ये निर्विष करण्याची शक्ती अल्प असते. शिवाय अंगाला लावलेले तेल ते चाटूनच काढते. कापूर व निलगिरी तेलाबाबतही हीच सावधगिरी हवी. मनुका-द्राक्षे कुत्र्याच्या वृक्कास बाधक आहेत. द्राक्षासवात तर त्यांच्या जोडीला मद्यांशही असतो. लसूण व कांदा यांनी रक्तकण फुटतात. कुचल्यातील स्ट्रिक्निनने आक्षेपक येतात. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. म्हणून 'तापाची गोळी दिली' असे कोणी सांगितल्यास तत्काळ पशुवैद्यांकडे धाडावे.

अलर्कविष

सुश्रुताने कल्पस्थानात, सातव्या अध्यायात, पिसाळलेल्या श्वानाचे वर्णन केले आहे. गळालेली शेपटी, लोंबणारा जबडा, गळणारी लाळ ही लक्षणे तेथे येतात, आणि दष्ट मनुष्यातील जलत्रास हे अरिष्ट म्हटले आहे. ते आजही तितकेच खरे आहे. 'घशात हाड अडकले' म्हणून आणलेल्या, आवाज बदललेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही भरू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी. स्नायूतील लसीचे दिवस ०, ३, ७, १४ व २८ असे असतात. रक्त आले असल्यास प्रतिपिंडाचे इंजेक्शनही लागते. या विषयात आपल्या औषधाने रुग्णाचा एक दिवसही जाता कामा नये.

एक विनंती

औषधालयाच्या मालकांनी जवळच्या पशुवैद्यांचा व रात्री उघड्या असणाऱ्या पशुरुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक गल्ल्याजवळ लावून ठेवावा. विक्री सांभाळणाऱ्या मुलांना "हे औषध माणसासाठी की प्राण्यासाठी?" असे विचारण्याची सवय लावावी. साध्यासाध्यविवेक हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. आपल्या अधिकारात काय बसत नाही हे ओळखणे, हाही त्याचाच भाग. औषध न देता योग्य दार दाखविणाऱ्या वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. त्या सायंकाळी मी एवढेच केले असते, तर तो बोका कदाचित वाचला असता.