कादंबरी, इतिहासाच्या तासाला

मराठी घरांत इतिहास पोहोचला तो प्रामुख्याने कादंबरीच्या वाटेने. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे दूरदर्शनवर तिची मालिकाही झाली आणि थोरले माधवराव पेशवे घरोघरी नातलगासारखे परिचित झाले. शाळेत मात्र अशा कादंबऱ्यांचे स्थान अवांतर वाचनाच्या कपाटात. इतिहासाचे शिक्षक त्यांच्याकडे काहीसे संशयानेच पाहतात, कारण त्यांत कल्पित असते. वस्तुतः वर्गातील चर्चेचे खरे भांडवल हे कल्पितच आहे.

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत अख्खी कादंबरी वाचणे अर्थातच शक्य नाही. त्याची गरजही नाही. आठ-दहा पानांचा एखादा प्रसंग निवडावा आणि विद्यार्थ्यांना पेन्सिलने समासात खुणा करायला सांगावे. कागदपत्रांतून ठाऊक असू शकेल अशा मजकुराला एक खूण, घडले असणे संभवनीय वाटते त्याला दुसरी आणि केवळ लेखकाच्या मनातून उतरले असेल त्याला तिसरी. त्यानंतर प्रश्न एकच विचारायचा : लेखकाला हे कसे कळले? ‘या उताऱ्यातून कोणता बोध मिळतो’ हा आपला नेहमीचा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांना आधीच पाठ असते.

आळेगावचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर १७६२ मध्ये राघोबादादांच्या फौजेपुढे माधवरावांची बाजू पडली आणि राज्यातली फूट आणखी वाढू नये म्हणून हा पुतण्या आपण होऊन काकांच्या छावणीत गेला. त्या वेळी माधवरावांचे वय सतरा वर्षांचे होते. नववी-दहावीच्या वर्गाला हे वय सांगितले की मुले एकदम सावरून बसतात. तारीख, स्थळ, शरणागती यांना कागदोपत्री आधार आहे. परंतु भेटीत काका-पुतण्यांत नेमके काय बोलणे झाले, कोणाचा स्वर कापला, कोणाची मान खाली गेली, हे लिहायला कादंबरीकाराला कल्पनेचाच आश्रय घ्यावा लागतो. मग वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, ही मुत्सद्देगिरी होती. दुसरा म्हणतो, दुसरा इलाजच नव्हता. आपापल्या बाजूला आधार काय, हे शोधताना विद्यार्थी प्रथमच पत्रांपर्यंत पोहोचतात. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड अनेक जुन्या ग्रंथालयांत आहेत. त्यांतील एखादे पत्र शिक्षकांनी सोप्या मराठीत उतरवून दिले, तरी लिहिणाऱ्यालाही स्वतःची बाजू असते, हे मुलांच्या लक्षात येते.

‘ध चा मा’ हा तर तयार पाठच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. मूळ हुकूम ‘धरावे’ असा होता आणि आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ असा केला, ही कथा इतकी रुजली की तिचा वाक्प्रचार झाला. ग्रँट डफच्या इतिहासात ती आहे. पण तो ग्रंथ १८२६ चा, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी आलेला. अक्षर बदललेला तो कागद आज पुढे ठेवता येत नाही. मग ही कथा सोयीची कोणाला होती? सारा दोष आनंदीबाईंच्या माथी गेला की राघोबादादांच्या वाट्याला किती उरतो? या प्रश्नांवर एक तासिका सहज जाते.

खरी कसोटी लागते ती ‘स्वामी’च्या अखेरीस. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव राजयक्ष्म्याने निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरी वाचताना डोळे पाणावतात. तिचे सामर्थ्य तेच आहे. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींपुढे हे प्रकरण केवळ उत्कट प्रेमाची परिसीमा म्हणून ठेवून पुढे जाणे गैर होय. अनेक शिक्षक भावना दुखावतील या धास्तीने ते प्रकरणच गाळतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तेही तितकेच गैर आहे. ही भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य करूनही.

येथे कादंबरीवर टीका करण्याऐवजी तिच्या शेजारी त्याच घराण्यातील इतर स्त्रियांची चरित्रे ठेवावीत. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई नानासाहेबांच्या निधनानंतर सती गेल्या नाहीत; त्या दीर्घकाळ हयात होत्या आणि राजकारणात त्यांचा शब्द चालत असे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पानिपतानंतर वैधव्यच स्वीकारले नाही. पती परत येईल या विश्वासावर त्या जगल्या. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्यांच्या खुनाच्या वेळी गरोदर होत्या. एप्रिल १७७४ मध्ये त्यांच्या पोटी सवाई माधवराव जन्मले आणि पेशवाईला वारस मिळाला. घर एकच, काळही तोच, पण वाटा चार. मग रमाबाईंचा निर्णय त्यांचा स्वतःचा किती, निपुत्रिक विधवेपुढे वाढून ठेवलेल्या आयुष्याचा त्यात वाटा किती आणि तिचे मन वाचल्याचा कादंबरीकाराचा दावा कितपत मानायचा, हे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात.

अशा वेळी शिक्षकांनी निवाडा देण्याची घाई करू नये. सतीची चाल इंग्रजी अमलात १८२९ साली कायद्याने बंद झाली, एवढी नोंद फळ्यावर पुरेशी आहे. पुण्याहून थेऊर काही फार दूर नाही. चिंतामणीच्या दर्शनाला सहली जातातच. मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंचे वृंदावन आहे. तेथे विद्यार्थ्यांना पाच मिनिटे स्वस्थ उभे राहू द्यावे आणि परतीच्या बसमध्ये बोलू द्यावे.