घरच्या टीव्हीच्या केबली : काटकसर आणि पारख

महाग ते चांगले, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. तूप, सोने, पैठणी यांच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी खरीही ठरते. परंतु टीव्हीला चित्र पोहोचविणाऱ्या केबलीच्या बाबतीत तीच समजूत गृहस्थाला नाहक खर्चात पाडते. संच घेताना चार दुकाने हिंडणारा माणूस केबल मात्र समोर येईल ती उचलतो, आणि काहीशे रुपयांत भागणाऱ्या कामासाठी हजारो रुपये मोजून येतो. उलटपक्षी, चुकीची केबल आणल्यामुळे चित्र उमटत नाही, म्हणून धडधाकट संच मोडीत काढणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. ज्या घरात निवृत्तिवेतनावर संसार चालतो व वृद्धांना टीव्हीचाच विरंगुळा असतो, तेथे हे दोन्ही नुकसान लहान नव्हे. म्हणून या विषयाची थोडी फोड करीत आहोत.

प्रथम जुन्या व नव्या पद्धतींतील भेद ध्यानी घ्यावा. पिवळी, लाल व पांढरी अशा तीन पिनांची केबल बहुतेकांच्या परिचयाची आहे. पिवळीतून चित्र, पांढरीतून डाव्या बाजूचा व लालमधून उजव्या बाजूचा आवाज जातो. या पद्धतीत चित्र विजेच्या दाबातील चढउताराच्या रूपाने जाते. साहजिकच वाटेत जो बिघाड होईल तो पडद्यावर धूसरपणा किंवा फिके रंग होऊन उमटतो. तेथे उत्तम केबलीला खरोखरच मोल होते.

एचडीएमआय पद्धतीची पहिली नियमावली डिसेंबर 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. हीत चित्र व आवाज दोन्ही एकाच केबलीतून, शून्य व एक या अंकांच्या रूपाने जातात. तोंडी निरोप दहा जणांकडून गेला की बदलतो. लिहिलेली चिठ्ठी कोणाच्याही हातून गेली तरी अक्षरे तीच राहतात. अंकांचेही तसेच आहे. ते नीट पोहोचले तर चित्र पूर्ण उमटते. न पोहोचल्यास पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जाते, किंवा येतच नाही. केबल महाग असल्यामुळे रंग अधिक गडद होत नाहीत. रंग फिके वाटले तर संचातील चित्राची मांडणी तपासावी. पिनेवरील सोन्याचा मुलामा गंज टाळतो, म्हणून गोव्यासारख्या खाऱ्या दमट हवेत तो असलेला बरा. परंतु तो साध्या केबलींवरही मिळतो, आणि चित्र त्याने सुधारत नाही.

मग पाहावयाचे काय? पहिली गोष्ट प्रत. ‘हाय स्पीड’ केबल सेकंदाला 10.2 अब्ज बिट वाहून नेते, ‘प्रीमियम हाय स्पीड’ 18 अब्ज, तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ 48 अब्ज. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके असतात. त्याला पहिली प्रत भरपूर पुरते. फोर-के चित्रात ठिपके याच्या चौपट, म्हणून सेकंदाला 60 चित्रे दाखविणाऱ्या फोर-के संचाला दुसरी प्रत घ्यावी. तिसरीची गरज मुख्यतः नव्या खेळयंत्रांना लागते. वेष्टनावर 2.0, 2.1 असे आकडे दिसतात. ते नियमावलीचे होत. केबलीची पारख प्रतीच्या नावावरून करावी, आणि वरच्या दोन प्रतींच्या वेष्टनावर प्रमाणपत्राचे लेबल आहे की नाही ते पाहावे.

दुसरी गोष्ट लांबी. केबल वळणांसह सुतळीने मोजावी व अर्धा मीटर अधिक धरावा. लांबी वाढली की अंक गळण्याचा संभव वाढतो. फोर-केसाठी पाच मीटरपलीकडे जावयाचे असल्यास प्रकाशतंतूची केबल पाहावी. तिला दिशा असते. कोणते टोक संचाकडे लावावयाचे ते तिच्यावर लिहिलेले असते. दीड-दोन मीटरसाठी मात्र स्वस्त परंतु प्रतीची केबल उत्तम काम देते.

तिसरी गोष्ट जोड, आणि येथेच फसगत अधिक होते. एका टोकाला एचडीएमआय व दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी नुसती केबल स्वस्तात विकली जाते; परंतु एका पद्धतीचे दुसरीत रूपांतर करणे तारेच्या हातचे नाही. जुना बॉक्स नव्या संचाला जोडण्यासाठी विजेवर चालणारा लहान कन्व्हर्टर लागतो. त्याने चित्र दिसू लागते, मात्र मुळाहून अधिक स्पष्ट होत नाही. काही नव्या संचांत तीन छिद्रांऐवजी एकच बारीक छिद्र असते. त्यासाठी संचासोबत आलेलीच केबल वापरावी, कारण पिनेवरील कड्यांचा क्रम सर्व कंपन्यांत सारखा नसतो. परदेशी असलेल्या नातवंडांना मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी लॅपटॉप जोडावयाचा असेल, तर त्याच्या टाइप-सी छिद्रातून चित्र बाहेर येते की नाही हे आधी माहितीपुस्तिकेत पाहावे. सगळ्याच छिद्रांत ती सोय नसते.

जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत, केबलीला तीव्र घडी घालू नये आणि तिचा भार छिद्रावर पडू देऊ नये. भिंतीतून न्यावयाची झाल्यास नळीतून न्यावी, म्हणजे पुढे बदलताना भिंत फोडावी लागत नाही. चित्र आले नाही तर संच सदोष ठरविण्यापूर्वी रिमोटने योग्य छिद्र निवडले आहे ना ते पाहावे आणि शेजाऱ्याची केबल क्षणभर लावून पाहावी.

दुकानात जाण्यापूर्वी एका चिठ्ठीवर दोन्ही यंत्रांवरील छिद्रांची नावे, चित्राचा प्रकार व लांबी एवढे टिपून घ्यावे. घरातील तरुणांनी आजीआजोबांसाठी एवढे केले, तरी पुष्कळ घरांतील पैसा वाचेल आणि वापराचा संच अडगळीत जाणार नाही.