राबणारी सुरी

लढाऊ विमानाच्या वैमानिकाला दिल्या जाणाऱ्या सुरीचं नशीब विचित्र असतं. वर्षानुवर्षं तिला काही कामच पडत नाही. तिला कुणी तेल लावत नाही, पाजवत नाही, म्यानातून काढून बघतही नाही. मग एखाद्या दिवशी वैमानिकाला आसनासकट विमानाबाहेर पडावं लागतं आणि त्या क्षणापासून सगळा भार तिच्यावर येतो. पॅराशूटच्या दोऱ्या कापायच्या, आडोशासाठी फांद्या तोडायच्या, ओलं लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढायचा आणि त्यावर विस्तव पेटवायचा. हे सगळं कडाक्याच्या थंडीत, हातमोजे घालून. शिवाय ती आखूड हवी, कारण वैमानिकाच्या अंगावर जागा फार थोडी असते.

1995 पासून स्वीडनच्या हवाई दलाने या कामासाठी एफ-1 नावाची सुरी स्वीकारली आहे. ती फेलक्नीवेन या कंपनीची. स्वीडिश सुरी म्हटलं की जगाला मोरा गावच्या स्वस्त आणि मस्त सुऱ्या आठवतात; फेलक्नीवेनचं नाव शौकिनांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाच्या कानावर नाही. पेटर योर्टबर्गर यांनी 1984 मध्ये ही कंपनी बूडेन इथे सुरू केली. बूडेन हे उत्तर स्वीडनमधलं छावणीचं गाव, ध्रुववृत्ताच्या साधारण 80 किलोमीटर दक्षिणेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियाच्या धास्तीने इथे मोठा किल्ला उभारला गेला, आणि लष्कराचा वावर तेव्हापासून आहे. हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. सुरीची परीक्षा घ्यायला वेगळी प्रयोगशाळा बांधावी लागू नये असा हा प्रदेश.

याच प्रांतात किरुनाची प्रचंड लोहखाण आहे, आणि बूडेनपासून तासाभराच्या आत पोचता येईल अशा लुलेओ शहरात पोलादाचा कारखाना. तरी एफ-1 चं स्टेनलेस पोलाद जपानचं आहे आणि ती घडतेही जपानमध्येच. आराखडा बूडेनचा, पातं जपानचं. खाण दाराशी असताना पोलादासाठी इतक्या दूर का जावं, याचं उत्तर स्टेनलेस पोलादाच्या जुन्या बदनामीत आहे.

शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी रोखावी याचा शोध घेत होता. 1913 मध्ये त्याने 12.8 टक्के क्रोमियम आणि 0.24 टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतलं. ते गंजत नाही हे ध्यानात येताच त्याने ते सुऱ्यांसाठी सुचवलं. शेफील्डच्या कारागिरांनी मात्र त्याची ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ म्हणून टर उडवली. त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. कार्बन कमी म्हणजे धार मऊ. शिवाय साध्या पोलादाला साधारण 800 अंशांवर तापवून पाणी देतात. क्रोमियमच्या पोलादाला हजाराच्या वर जावं लागतं. सवयीच्या आचेवर पाणी दिलं तर ते हवं तसं कठीण होत नाही. पुढे हे तंत्र बसलं, पण जड कामाला स्टेनलेस नको हा समज जंगलात वावरणाऱ्यांमध्ये टिकून राहिला.

इथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. आपल्या घरातले चांगले डबे-पातेली ज्या स्टीलची असतात, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. ते तापवून पाणी देऊन कठीण होतच नाही, म्हणून त्याची टिकाऊ धारेची सुरी बनत नाही. सुरीचं स्टेनलेस हे वेगळं कुळ. त्यात कार्बन हवा आणि तिथेच पेच पडतो. कार्बन वाढवला की तो क्रोमियमला धरून त्याचे अतिशय कठीण कण बनवतो. या कणांमुळे धार टिकते. पण कणांत अडकलेलं क्रोमियम गंजापासून राखायच्या कामी येत नाही, आणि कण मोठे झाले तर तडा तिथूनच सुरू होतो. कठीणपणा, चिवटपणा आणि गंजरोधकपणा यांतलं एक वाढवावं तर दुसऱ्यात काही तरी सोडावं लागतं. त्यात थंडी पडली की असं पोलाद आणखी ठिसूळ होतं.

एफ-1 ने हा पेच कामाची वाटणी करून सोडवला. पात्याच्या मधोमध व्हीजी-10 या जपानी पोलादाचा थर असतो. त्यात सुमारे 1 टक्का कार्बन, 15 टक्के क्रोमियम, शिवाय थोडं मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आणि कोबाल्ट. फुकुई प्रांतातल्या ताकेफू कंपनीचं हे पोलाद. रॉकवेल मापावर त्याचा कठीणपणा 59 च्या आसपास ठेवतात. दोन्ही बाजूंना 420 जे-2 या कमी कार्बनच्या, मऊ आणि चिवट स्टेनलेसचे थर. धार फक्त मधल्या थराची. वाकवणारा ताण सोसायचं काम बाजूच्या थरांचं. सुरुवातीच्या एफ-1 अखंड व्हीजी-10 च्या होत्या, थरांचं पातं नंतर आलं. नीट पाहिलं तर धारेच्या वर दोन धातूंच्या सांध्याची बारीक नागमोडी रेघ दिसते.

या थरांचं कौतुक करताना एक मर्यादा विसरू नये. धारेच्या टोकाला कठीण पोलाद एकटंच असतं, तिथे बाजूच्या थरांचा आधार पोचत नाही. लाकडात रुतलेली धार आडवी पिळली तर टवका उडू शकतो. म्हणून इथे पोलादापेक्षा धारेचा आकार महत्त्वाचा ठरतो. मोरासारख्या सुरीची धार दोन सपाट उतारांची असते. लाकूड तासायला उत्तम आणि पाजवायला सोपी, पण कडेशी पातळ. फेलक्नीवेनच्या धारेला बाहेरच्या बाजूने फुगीर बाक असतो. धारेमागे लगेच जास्त धातू मिळतो, आणि पातं लाकडात शिरताना लाकूड बाजूला ढकलत जातं, त्यामुळे ते अडकून बसत नाही.

मग मूठ. पातं 97 मिलिमीटर लांब, 4.5 मिलिमीटर जाड; सुरीची एकूण लांबी 210 मिलिमीटर आणि वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पात्याची शेपटी रुंदच राहून पूर्ण मुठीतून जाते आणि मागून थोडी बाहेर डोकावते. तिच्यावर ठोकता येतं. दणकट म्हणवणाऱ्या पुष्कळ सुऱ्या नेमक्या पातं आणि मूठ यांच्या सांध्यात तुटतात, कारण तिथे शेपटी एकदम अरुंद केलेली असते किंवा कोपरे काटकोनात कापलेले असतात. मुठीचं आवरण रबरासारख्या प्लॅस्टिकचं आहे. ते दिसायला काही सुंदर नाही, पण ओल्या हातातून सटकत नाही, आणि उघड्या धातूसारखं थंडीत हाताला चटका देत नाही.

आता दोष. स्वयंपाकघरात ही सुरी जवळजवळ निरुपयोगी आहे. इतक्या जाड पात्याने बटाटा कापला जात नाही, त्याची दोन शकलं उडतात. बाजूचे थर मऊ असल्याने पात्यावर लवकर ओरखडे उठतात. फुगीर धार सपाट निसण्यावर नेहमीच्या पद्धतीने घासली तर बाक मोडतो. हळूहळू हात गोल फिरवत किंवा मऊ आधारावर ठेवलेल्या बारीक पॉलिश कागदावर ती लावावी लागते. कंपनी एका बाजूला हिरकणी आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक असलेला खिशातला निसणा विकते, त्याला पाणी किंवा तेल लागत नाही; पण हाताला सवय करावीच लागते. न गंजणारी म्हणजे मुळीच न गंजणारी असंही नाही. घाम आणि समुद्राचं मीठ फार दिवस तसंच राहू दिलं तर बारीक खड्डे पडू शकतात. आणि किंमत. मोराच्या साध्या सुरीच्या कितीतरी पट पैसे हिच्यासाठी मोजावे लागतात.

एवढे पैसे कशाला, हा प्रश्न आपल्याकडचा माणूस विचारणारच. कोकणातल्या लोहाराने गाडीच्या जुन्या पाट्यातून घडवलेला कोयता फांद्या तोडण्यात एफ-1 ला सहज मागे टाकतो. तो स्वस्त आहे, आणि धार गेली तर कुठल्याही दगडावर लावता येते. पण त्या कोयत्यामागे रोजचा हात असतो. पावसाळ्यात त्याला पुसणारं, तेल लावणारं कुणीतरी घरात असतं, आणि बिघडला तर लोहार गावात असतो. एफ-1 घडवली आहे ती असा कुणीही जवळ नसताना वापरण्यासाठी. ज्याला आपलं हत्यार रोज बघायला मिळतं त्याने स्टेनलेससाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही.

म्हणून अपरिचित कारखान्याची दणकट सुरी हातात आली तर पोलादाचं नाव शेवटी विचारावं. तेच व्हीजी-10 वाईट पाणी दिलेलं असेल तर त्याला टवके उडतात, आणि चांगलं पाणी दिलेलं साधं पोलाद वर्षानुवर्षं राबतं. कठीणपणाचा आकडा कारखाना उघड सांगतो का? शेपटी किती रुंद आहे आणि मुठीत कुठवर जाते? धारेमागे धातू किती ठेवला आहे? ती पुन्हा पाजवणं घरी जमणार आहे का? सुरी गंजापासून जपायला आपल्याला सवड आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आहे’ असं असेल, तर कार्बन पोलादाची स्वस्त सुरी घ्यावी आणि उरलेल्या पैशात चांगला निसणा. उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेल, तर मात्र बूडेनच्या या आखूड, जाड, काळ्या मुठीच्या सुरीची किंमत रास्त आहे.