अर्धें जर्मन गाणें

स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतांना डोंबिवलीहून येणारा नववींतील एक विद्यार्थी मजजवळ येऊन म्हणाला, "सर, मराठी गाणें म्हटलें तर ऐकणार कोण? इंग्रजी घेऊं का?" त्यास जें उत्तर दिलें तेंच येथें थोडें विस्तारानें लिहितों.

ऑस्ट्रिया देशांतील व्हिएन्ना शहरीं १९५७ सालीं हान्स ह्योल्त्सेल जन्मला. पुढें 'फाल्को' हें नांव घेऊन तो गाऊं लागला. १९८५ सालीं निघालेल्या त्याच्या 'रॉक मी आमाडेउस' या गाण्याचें धृपद इंग्रजी, पण कडवीं बहुतेक जर्मन; आणि तींही गायिलेलीं कमी, भरभर बोललेलीं अधिक. मार्च १९८६ मध्यें हें गाणें अमेरिकेच्या बिलबोर्ड यादींत पहिलें आलें व तीन आठवडे तेथेंच राहिलें. ऐकणाऱ्या बहुतेकांस जर्मन येत नव्हतें. आतां आपल्या मुलांना त्याचें नांवही ठाऊक नाहीं.

आमाडेउस म्हणजे संगीतकार मोझार्ट (१७५६–१७९१). बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यास दिलेल्या नांवांत 'थिओफिलुस' हें एक होतें. त्याचेंच हें लॅटिन रूप, अर्थ 'देवाचा प्रिय'. मिलोश फोरमन यांचा 'आमाडेउस' चित्रपट १९८४ सालीं आला होता. गाण्यांतला मोझार्ट कर्जबाजारी, चैनी आणि लोकांचा लाडका आहे. काळ १७८० च्या सुमाराचा सांगितला आहे. मोझार्ट व्हिएन्नास राहावयास गेला १७८१ सालीं, पण गीतकारास एवढी सूट द्यावी! गाण्याच्या एका आवृत्तींत मोझार्टच्या आयुष्यांतील सनावळी इंग्रजींत वाचली जाते, आणि तिचा शेवट खुद्द फाल्कोच्या नांवानें होतो. विनय त्याच्यापाशीं बेताचाच असावा.

मोझार्ट आपणांस अगदींच परका आहे असें मात्र नव्हे. चित्रपटाच्या आरंभीं त्याची पंचविसावी सिंफनी वाजते. ती त्यानें १७७३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं रचली. तीच सुरावट टायटन घड्याळांच्या जाहिरातींतून दूरदर्शनवर घरोघर पोंचली. कल्याणास आमच्या चाळींतील मुलें ती शिटीवर वाजवीत. ती कोणाची हें आम्हांपैकीं एकासही माहीत नव्हतें.

सूर असा भाषेवांचून प्रवास करतो. शब्दांचें काय? फाल्कोनें आपली व्हिएन्नाची बोली टाकली नाहीं. जर्मन शब्दांतील 'क', 'त', 'श्ट' ही कठोर अक्षरें त्याच्या तोंडीं ताशासारखीं वाजतात, आणि अर्थ न कळतांही कान तिकडे वळतो. इंग्रजी धृपदानें त्यास साहाय्य केलें हेंही खरेंच. अमेरिकेंत तो पुन्हां पहिला आला नाहीं; १९९८ सालीं डोमिनिकन प्रजासत्ताकांत मोटार-अपघातांत, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

त्या विद्यार्थ्यानें आठ दिवसांनीं आपल्या आजीकडून लग्नांतील एक आगरी गाणें उतरवून आणलें. त्यांतील दोन शब्दांचा अर्थ मलाच त्याला विचारावा लागला.